कोडी सुटतात, मग डाव हातातून का जातो?

संध्याकाळी चर्चगेटहून बोरिवलीकडे निघालेल्या लोकलमध्ये मोबाइलच्या पडद्यावर चौसष्ट घरांचा पट उघडून बसलेले प्रवासी आता नवलाचे राहिलेले नाहीत. दादर सुटेपर्यंत चार कोडी, अंधेरी येईपर्यंत आणखी सहा, असा हिशेब चाललेला असतो. मुलुंड आणि घाटकोपरच्या वसाहतींमध्ये शनिवार-रविवारी सोसायटीच्या सभागृहात भरणाऱ्या बुद्धिबळाच्या वर्गांतही चित्र फारसे वेगळे नसते. शिक्षक भिंतीवरच्या पटावर एक स्थिती मांडतात, 'पांढऱ्याची चाल, तीन चालींत मात' असे सांगतात आणि पोरे हात वर करू लागतात. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयाने ती ग्रँडमास्टर झाली. त्याआधीच्या वर्षी बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये भारताच्या दोन्ही संघांनी सुवर्णपदक मिळवले. पुरुषांच्या संघात नाशिकचा विदित गुजराथी आणि महिलांच्या संघात दिव्या होती. बुद्धिबळ हा आता 'अभ्यासाचे नुकसान करणारा नाद' राहिलेला नाही, ही जाणीव मध्यमवर्गीय घरांत पक्की रुजली आहे.

या उत्साहाच्या पोटात एक तक्रारही आहे आणि ती बहुतेक पालकांच्या तोंडी एकाच स्वरूपात येते. मुलगा रोज पन्नास कोडी सोडवतो, मोबाइलवरचे त्याचे कोड्यांचे रेटिंग सतत वाढते आहे, पण स्पर्धेत बसला की तो आहे तिथेच राहतो. शिकवणीची फी, स्पर्धेचे प्रवेशशुल्क, सुटीतला प्रवास या सगळ्याचा हिशेब मनात धरून पालक विचारतात, की मग हा सराव कशासाठी? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र 'आणखी शंभर कोडी सोडवा' असे नाही.

उत्तराकडे वळण्यापूर्वी वाचकांनी एक कोडे समोर ठेवावे. मोहरी फक्त चार आहेत. पांढरा राजा एच ८ वर, म्हणजे पटाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात, आणि पांढरे प्यादे सी ६ वर. काळा राजा ए ६ वर, काळे प्यादे एच ५ वर. चाल पांढऱ्याची असून त्याला डाव बरोबरीत सोडवायचा आहे. काळे प्यादे वजीर होण्यासाठी खाली धावते आहे आणि पांढरा राजा त्याच्या दोन पावले मागे आहे. पांढरे प्यादे काळ्या राजाच्या तावडीत आहे. पटावर मोहरी मांडून दहा मिनिटे विचार करावा. मोबाइलमधील इंजिनाला विचारू नये. उत्तर लेखाच्या अखेरीस दिले आहे.

मनसुब्याची मुळे

डावाचा एक नेमका क्षण बाजूला काढून तो शिकणाऱ्यापुढे ठेवायचा, ही युक्ती मोबाइलने शोधलेली नाही. नवव्या आणि दहाव्या शतकात बगदादच्या खलिफांच्या आश्रयाला असलेल्या अल्-अदली, अस्-सुली अशा खेळाडूंनी अशा स्थितींचे संग्रह केले होते. अशा स्थितीला अरबी भाषेत 'मन्सूबा' म्हणत, म्हणजे मांडून ठेवलेली गोष्ट. हा शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला आणि मराठीत 'मनसुबा' होऊन बसला. एखाद्याचे मनसुबे उधळले गेले असे लिहिताना आपण मूळचा बुद्धिबळाचा शब्द वापरत असतो, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

त्याहून जवळचा दाखला खुद्द मुंबईतला आहे. १८१४ साली, पुण्यात दुसऱ्या बाजीरावाची पेशवाई अजून टिकून असताना, मुंबईत बुद्धिबळावरील एक इंग्रजी पुस्तक छापले गेले. कर्त्याचे नाव त्रिवेंगडाचार्य शास्त्री. 'विलासमणिमंजरी' या संस्कृत ग्रंथाचे ते रूपांतर होते आणि देशी पद्धतीचा खेळ त्यात युरोपीय पद्धतीशी जुळवून घेतला होता. पुस्तकाचे लांबलचक शीर्षकच त्याचा हेतू सांगून टाकते: शिकणाऱ्याची प्रगती व्हावी आणि स्मरणशक्तीला व्यायाम घडावा म्हणून निवडलेल्या, डावाच्या कसोटीच्या क्षणीच्या स्थिती. आज अंधेरीच्या एखाद्या वर्गाच्या जाहिरातीत हे वाक्य जसेच्या तसे घातले तर दोनशे वर्षांचे अंतर कोणाला जाणवणार नाही.

देशी खेळातील कोड्यांना स्वतःची चव होती. राजा एकटा उरला की डाव 'बुर्जी' होई आणि तो पूर्ण विजय मानला जात नसे. म्हणून प्रतिस्पर्ध्याचे सगळे मोहरे मारून टाकणे हा शहाणपणा नव्हता. वजिराने मात करण्यापेक्षा प्याद्याने केलेली मात अधिक मानाची. त्यामुळे 'अमुक प्याद्यानेच मात करा' अशी अट असलेली कोडी रचली जात. साधी मात डोळ्यांसमोर दिसत असताना ती टाळून, एका क्षुल्लक प्याद्यासाठी सगळा व्यूह रचायला लावणारी ही कोडी संयमाची परीक्षा घेत.

एकोणिसाव्या शतकातले आणखी एक कोडे भारताच्या नावाने जगभर गाजले. हेन्री ऑगस्टस लव्हडे या भारतात राहणाऱ्या इंग्रज धर्मोपदेशकाने 'शागिर्द' या टोपणनावाने ते पाठवले आणि १८४५ मध्ये ते लंडनच्या एका बुद्धिबळ नियतकालिकात प्रसिद्ध झाले. 'इंडियन प्रॉब्लेम' म्हणून ते आजही ओळखले जाते. त्यातील गंमत अशी, की जिंकण्यासाठी पांढऱ्याला आपला एक मोहरा आधी दूर मागे न्यावा लागतो आणि मग दुसऱ्या मोहऱ्याने त्याचीच वाट अडवावी लागते. शागिर्द हे नाव घेणाऱ्याने उस्तादांनाही बराच काळ डोके खाजवायला लावले.

स्मरणशक्तीचा व्यायाम म्हणजे नेमके काय

१८१४ च्या पुस्तकाच्या शीर्षकातील 'स्मरणशक्ती' हा शब्द योगायोगाने आला असेल. पण विसाव्या शतकातील मानसशास्त्राने तोच धागा पकडला. डच मानसशास्त्रज्ञ आणि उत्तम बुद्धिबळपटू आड्रियान द खरोट यांनी १९४० च्या दशकात बलाढ्य खेळाडूंना विचार बोलून दाखवायला लावले. थोर खेळाडू इतरांपेक्षा खूप पुढच्या चाली पाहतात, ही समजूत त्यांच्या कामाने ढिली झाली. योग्य चाल त्यांच्या मनात लवकर येते, हा खरा फरक होता. पुढे १९७३ मध्ये अमेरिकेतील विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी प्रयोग केला. खऱ्या डावातील स्थिती पाच सेकंद दाखवून झाकली, की निष्णात खेळाडूला सुमारे १६ मोहरे आपापल्या घरी मांडता येत आणि नवख्याला सुमारे चारच. पण तेच मोहरे पटावर कसेही विखुरले, की निष्णाताची ही आघाडी जवळजवळ नाहीशी होई. निष्णाताच्या डोक्यात पट छायाचित्रासारखा उमटत नाही, तर ओळखीच्या आकृत्या एकदम ओळखल्या जातात. सराईत वाचक अक्षरे न जुळवता शब्द वाचतो, तसेच हे.

कोड्यांचा सराव या आकृत्यांचा साठा वाढवतो आणि त्याची खरी किंमत तीच आहे. नेहमीचे एक उदाहरण घ्यावे. काळा राजा एच ८ वर, त्याच्यापुढे जी ७ आणि एच ७ वर स्वतःचीच प्यादी, शेजारी एफ ८ वर स्वतःचा हत्ती. पांढरा घोडा एच ६ वर आणि पांढरा वजीर सी ४ वरून जी ८ या घराकडे तिरकी नजर लावून बसलेला. पांढरा आपला वजीर जी ८ वर नेऊन शह देतो. घोडा ते घर राखत असल्याने राजा वजिराला मारू शकत नाही. हत्तीलाच मारावे लागते. हत्ती जी ८ वर येताच राजाची शेवटची मोकळी जागाही बुजते आणि घोडा एफ ७ वर येऊन मात करतो. स्वतःच्याच माणसांनी गुदमरवलेला राजा! ही मात पंधराव्या शतकाअखेरच्या स्पॅनिश पुस्तकातही सापडते. एकदा पाहिली की ती विसरत नाही आणि शिकणाऱ्याला वजीर बळी देण्याची पहिली धुंदी बहुधा इथेच चढते.

पेचही इथेच सुरू होतो. हीच स्थिती ठेवून काळ्याचा एक उंट जी ६ वर मांडला तर? वजीर जी ८ वर जातो, हत्ती त्याला मारतो, घोडा एफ ७ वर शह देतो आणि जी ६ वरचा उंट घोड्याला अलगद उचलतो. वजीर गेला, घोडा गेला, डाव संपला. आकृती ओळखीची होती, पण ती सिद्ध होण्याची अट पुरी झालेली नव्हती. ज्या मुलाने ही मात पन्नास वेळा पाहिली आणि ती फसते अशी स्थिती एकदाही पाहिली नाही, तो स्पर्धेत इथे हमखास घसरतो. वर्गात 'सुटणारी' कोडी जितकी मांडली जातात, त्याच्या निम्मी तरी 'न सुटणारी' मांडली जावीत. पण हे फार थोड्या ठिकाणी घडते.

मोबाइल काय शिकवतो, काय शिकवत नाही

आजच्या संकेतस्थळांवर लक्षावधी कोडी फुकट उपलब्ध आहेत आणि त्यांतील बहुतांश खऱ्या डावांतून संगणकाने वेचलेली आहेत. एकेकाळी एक परदेशी पुस्तक हाती लागावे म्हणून महिनोन्‌महिने वाट पाहणाऱ्या पिढीला ही चैन वाटेल आणि ती चैनच आहे. पण या सोयीत तीन गोष्टी गुपचूप शिकणाऱ्याच्या वतीने केल्या जातात.

पहिली म्हणजे, 'इथे काहीतरी आहे' ही वर्दी. कोडे समोर आले याचाच अर्थ जिंकण्याची वा वाचण्याची वाट आहे. प्रत्यक्ष डावात चाळीस चालींपैकी अशी वेळ एखाद-दुसऱ्या चालीलाच येते आणि ती आली असल्याचे कोणी सांगत नाही. दुसरी गोष्ट अधिक घातक आहे. पहिली चाल बरोबर ठरली की प्रतिस्पर्ध्याचे उत्तर यंत्र स्वतःच खेळून दाखवते. म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या वतीने विचार करण्याची, त्याचा सर्वांत चिवट बचाव शोधण्याची अर्धी जबाबदारी शिकणाऱ्यावर येतच नाही. शह द्यावा, काय होते ते पाहावे, मग पुढचे बघू, अशी सवय लागते. तिसरी गोष्ट चुकीच्या किमतीची. चाल चुकली तर लाल खूण येते, दोन-चार गुण जातात आणि पुढचे कोडे हजर होते. स्पर्धेत तीच चूक चार तासांच्या कष्टांवर पाणी फिरवते. अंदाजपंचे चाल खेळून दहापैकी सात कोडी सुटत असतील, तर रेटिंग वाढते खरे, पण वाढलेली गोष्ट म्हणजे अंदाज बांधण्याचा धीटपणा.

याचा अर्थ मोबाइल फेकून द्यावा असा नाही. झटपट कोड्यांना आकृत्या ताज्या ठेवण्यापुरती जागा आहे. लोकलच्या गर्दीत तेवढेच शक्य असते. मात्र सुधारणा हवी असलेल्या खेळाडूने दिवसाचा अर्धा तास वेगळ्या रीतीने घालवायला हवा. तीन किंवा चारच कोडी, तीही आपल्या ताकदीपेक्षा थोडी वरची. शक्य तर लाकडी पटावर मांडलेली, कारण स्पर्धेत समोर तोच पट असतो. मोहऱ्याला हात न लावता शेवटपर्यंतचे उत्तर मनात शोधायचे आणि वहीत लिहायचे: माझी चाल, प्रतिस्पर्ध्याची सर्वांत चांगली चाल, तिला माझे उत्तर, आणि त्याच्याकडे असलेले दुसरे पर्याय. मगच उत्तर पाहायचे. पहिली चाल बरोबर, पण प्रतिस्पर्ध्याचा मुख्य बचाव ध्यानात आलाच नसेल, तर ते कोडे चुकले असे प्रामाणिकपणे मांडायचे. सुरुवातीला हा हिशेब फार निराशाजनक ठरतो. मोबाइलवर दहापैकी आठ सोडवणारा मुलगा वहीत चारपैकी एकावर येतो आणि घरात धुसफुस होते. पण त्याचे स्पर्धेतील रेटिंग जिथे अडले आहे, त्याचे कारण बहुधा त्या चारपैकी तीनमध्ये सापडते.

चुकलेली कोडी पुन्हा सोडवणे हा दुसरा भाग. स्वीडनचे अॅक्सेल स्मिथ आणि हान्स टिक्कानेन यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात ठरावीक कोड्यांचा एकच संच पुन्हा पुन्हा, दर फेरीला कमी वेळात सोडवण्याची पद्धत मांडली. सुतार पक्षी एकाच जागी चोच मारत राहतो, म्हणून तिला त्याचेच नाव दिले. आपल्याकडच्या पाढ्यांच्या पाठांतरापेक्षा यात फार निराळे काही नाही. पाढे पाठ असले की गणित सुटतेच असे नाही; पण पाढे अडले तर गणित नक्कीच अडते.

जिथे मात नाही तिथे काय

आतापर्यंतचे विवेचन डावपेचांचे झाले. वर्षानुवर्षे एकाच रेटिंगला अडकलेल्या खेळाडूंची खरी अडचण बहुतेकदा दुसरीकडे असते. पट शांत आहे, कोणाचा मोहरा लटकलेला नाही, शह देऊन काही साधत नाही. अशा वेळी काय खेळावे? कोडी सोडवण्यात तरबेज झालेला मुलगा अशा स्थितीत अस्वस्थ होतो, नसलेली मात शोधतो आणि मजबूत बांधलेला डाव स्वतःच उसवतो.

व्यूहरचनेसाठीही सरावाचे प्रश्न असू शकतात, पण ते निराळे असतात. १९२४ सालच्या न्यूयॉर्क स्पर्धेतील कॅपाब्लांका विरुद्ध टार्टाकोवर हा डाव पाहावा. हत्ती आणि प्याद्यांच्या शेवटात क्युबाच्या जगज्जेत्याने आपला राजा प्याद्यांच्या रक्षणाला न नेता पुढे काढला. काळ्या हत्तीने एक प्यादे शह देत मारले, थोड्या वेळाने दुसरेही शह देत मारले. तिकडे पांढरा राजा एफ ६ पर्यंत पोहोचला, सातव्या रांगेत ठाण मांडलेला त्याचा हत्ती आणि जी पट्टीतले प्यादे यांच्या जोडीला उभा राहिला आणि काळ्याचा राजा कोपऱ्यात कोंडला गेला. ज्या चालीने हे सुरू झाले, तिथे पुस्तक झाकून 'आता काय?' असे विचारले, तर बहुतेक विद्यार्थी प्यादे वाचवणारी चाल सांगतील. यंत्राच्या भाषेत इथे 'कोडे' नाही. पण शिकण्यासारखे याहून अधिक फार थोड्या स्थितींत आहे. कोणता मोहरा राबतो आहे आणि कोणता नुसता उभा आहे, हे ओळखणे म्हणजे व्यूहरचनेची बाराखडी.

या बाबतीत बुद्धिबळापेक्षा अधिक विचार झाला आहे तो 'गो' या खेळात. चीनमध्ये जन्मलेला हा खेळ जपानमध्ये शास्त्रीय संगीतासारखा घराण्यांतून वाढला. १९ उभ्या आणि १९ आडव्या रेषा, त्यांचे ३६१ छेदनबिंदू, आणि आळीपाळीने ठेवायचे काळे-पांढरे दगड. ठेवलेला दगड हलत नाही. चहूबाजूंनी कोंडला गेला तर मात्र पटावरून उचलला जातो. अधिक जागा वेढणारा जिंकतो. दगडांच्या समूहाच्या आत दोन स्वतंत्र रिकाम्या जागा, म्हणजे दोन 'डोळे' असतील, तर तो समूह मारता येत नाही. हा समूह जगेल की मरेल, अशा प्रश्नांची कोडी गोमध्ये शतकानुशतके रचली गेली. चौदाव्या शतकातील चिनी संग्रह आजही वापरात आहे. जपानच्या इनोऊए घराण्याच्या प्रमुखाने १७१३ मध्ये केवळ आपल्या शिष्यांसाठी रचलेली कोडी इतकी अवघड आहेत, की व्यावसायिक खेळाडूही त्यांच्याशी झुंजतात.

पण गोच्या शिक्षकांनी तिथेच थांबून चालले नाही, कारण एवढ्या विस्तीर्ण पटावर एका कोपऱ्यातली लढाई जिंकून डाव हरणे अगदी सोपे असते. म्हणून तिथे दुसऱ्या जातीचे प्रश्न रूढ झाले. अर्धा भरलेला संपूर्ण पट दाखवायचा आणि 'पुढची चाल कुठे?' एवढेच विचारायचे. काही पुस्तकांत उत्तराला एकच बरोबर खूण नसते. सर्वोत्तम चालीला पूर्ण गुण, दिशा बरोबर पण घर थोडे चुकले तर काही कमी गुण, छोट्या लढाईत रमणाऱ्या चालीला त्याहून कमी. प्रत्येक पर्यायामागचे कारणही दिलेले असते. विद्यार्थी शिकतो ते हे, की आधी पटाची मोठी बाजू कोणती ते ठरवावे आणि मग बारकाव्यात शिरावे. मराठी मुलांसाठीच्या बुद्धिबळ-पुस्तकांत असे गुणांकन केलेले प्रश्न आले तर ते मात-कोड्यांच्या आणखी एका संग्रहापेक्षा कितीतरी उपयोगी ठरतील.

अर्थात, व्यूहरचनेची उत्तरे दगडावरची रेघ नसतात, हेही गोनेच दाखवले. मार्च २०१६ मध्ये सोल येथे 'अल्फागो' या संगणक-कार्यक्रमाने कोरियाच्या ली सेडोलला ४-१ असे हरवले. दुसऱ्या डावातील यंत्राची ३७वी चाल अनेक जाणकारांना आधी चूक वाटली होती. त्यानंतरच्या काळात यंत्रांच्या खेळामुळे पाठ्यपुस्तकांतील कित्येक उत्तरे बदलली. डावाच्या आरंभीच प्रतिस्पर्ध्याच्या कोपऱ्यात तिसऱ्या रेषांच्या छेदावर घुसणे हा पूर्वी नवशिक्याचा उतावळेपणा मानला जाई. आता अव्वल खेळाडू ती चाल सर्रास खेळतात. डावपेचाच्या कोड्याचे उत्तर शंभर वर्षांनीही तेच राहते. व्यूहरचनेच्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे त्या काळाचे सर्वोत्तम मत. शिकणाऱ्याने उत्तरापेक्षा त्यामागचे कारण वहीत उतरवावे, ते याच साठी.

इंजिनाच्या वापराबद्दल पालकांमध्ये असलेला गोंधळही इथेच सुटू शकतो. डिसेंबर २०२४ मध्ये अठराव्या वर्षी जगज्जेता झालेल्या डी. गुकेशला त्याच्या प्रशिक्षकांनी घडणीच्या काळात बरीच वर्षे इंजिनापासून दूर ठेवले होते, हे सर्वज्ञात आहे. प्रत्येक मुलाला हाच नियम लावावा असे नाही. पण स्वतःचे उत्तर लिहून होण्याआधी इंजिन उघडणे म्हणजे गणित सोडवण्याआधी मागचे पान उलटणे, एवढे तरी मान्य व्हायला हरकत नसावी.

कोड्यांचा सर्वांत चांगला संग्रह मात्र विकत मिळत नाही. तो खेळाडूच्या स्वतःच्या हरलेल्या डावांत असतो. स्पर्धेत चाली लिहून ठेवणे बंधनकारक असते, पण घरी आल्यावर ती पाने सहसा दप्तराच्या तळाशी जातात. माजी जगज्जेते मिखाईल बोट्विनिक आपल्या डावांचे विश्लेषण करून ते प्रसिद्ध करावे, असा आग्रह धरत. चार लोक चुका काढतील या भीतीने माणूस काळजीपूर्वक विचार करतो, हा त्यामागचा हिशेब. बोरिवलीच्या दहा-बारा वर्षांच्या मुलाला काही प्रसिद्ध करण्याची गरज नाही. ज्या चालीला डाव फिरला ती स्थिती एका कागदावर काढावी, खाली 'मला तेव्हा काय वाटले होते' ते लिहावे आणि महिन्याभराने ती कोडे म्हणून स्वतःलाच घालावी. अशी वीस पाने जमली की मुलाला नेमके काय दिसत नाही, हे शिक्षकांना कोणत्याही रेटिंगपेक्षा स्पष्ट कळते. एकाची वीसही पाने मागे राहिलेल्या वेळेच्या घाईची असतात, दुसऱ्याची शांत स्थितीत केलेल्या उतावीळ प्याद्याच्या चालींची. दोघांना एकच कोडे-संच देणारा वर्ग एकाचा तरी वेळ वाया घालवतो आहे. वर्ग निवडताना पालकांनी 'रोज किती कोडी देता?' असे विचारण्याऐवजी 'मुलाचा हरलेला डाव कोण आणि किती वेळ पाहते?' हे विचारले, तर फीचा हिशेब बराच सोपा होईल.

रेटिंगच्या आकड्याबद्दल एक खुलासा. जागतिक महासंघाने मार्च २०२४ मध्ये रेटिंगची खालची मर्यादा १००० वरून १४०० केली आणि २००० च्या आतील खेळाडूंचे आकडे एकदाच वर उचलले. त्या वेळी अनेक घरांत पेढे वाटले गेले असतील. खेळ मात्र आदल्या दिवशी होता तेवढाच होता.

आता सुरुवातीच्या कोड्याचे उत्तर. ही रचना रिचर्ड रेटी यांची, १९२१ सालची. पांढऱ्या राजाने काळ्या प्याद्यामागे सरळ धावण्यात अर्थ नाही. तो तिरका उतरतो: प्रथम जी ७. काळे प्यादे एच ४ वर. राजा एफ ६ वर. आता काळ्याने प्यादे एच ३ वर लोटले, तर राजा ई ७ वरून आपल्या प्याद्याच्या मदतीला पोहोचतो आणि दोन्ही बाजूंचे वजीर होतात. म्हणून काळा राजा बी ६ वर येऊन पांढऱ्या प्याद्यावर झडप घालू पाहतो. पांढरा राजा ई ५ वर! या एका घरावरून त्याला दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. काळ्याने सी ६ चे प्यादे मारले तर राजा एफ ४ वर जाऊन काळ्या प्याद्याला गाठतो. काळ्याने प्यादे पुढे ढकलले तर राजा डी ६ वर जाऊन आपल्या प्याद्याला वजीर करतो. एच ८ वरून एच २ वर जायला सरळ खाली सहा चाली लागतात. जी ७, एफ ६, ई ५, एफ ४, जी ३ असा वळसा घालून एच २ वर यायलाही सहाच. पटावर बोट ठेवून मोजून पाहावे.